खटका आणि खात्री : जुन्या कीबोर्डांच्या टिकाऊपणाविषयी

सुरुवात आवाजानेच करू या. या टेबलावर दोन कीबोर्ड आहेत. डावीकडचा कुठल्याही ऑफिसात सापडतो तसला, बटणांखाली रबराच्या टोप्या असलेला. उजवीकडचा आयबीएमचा मॉडेल एम. दोन्हींवर एकच ओळ टाइप करतो, ऐका. … ऐकलंत ना? दुसरा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचला असेल.

आता हा जुना कीबोर्ड लोकांना का आवडतो असं विचारलं, तर ठरलेलं उत्तर मिळतं: "तेव्हाच्या वस्तू टिकाऊ असायच्या. हे स्विच मरतच नाहीत. म्हणून आवडतात." या उत्तरात दोन दावे आहेत आणि मध्ये एक 'म्हणून' आहे. आमचं भांडण त्या 'म्हणून'शी आहे. टिकाऊपणा आणि आवड ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत असं आपण धरून चालतो. तसं नाही. आणि हा घोळ निस्तरला नाही, तर ज्या वस्तूंवर आपण प्रेम करतो म्हणतो, त्यांचं आपल्याच हातून नुकसान होतं. ते कसं, ते शेवटी सांगू.

आधी आत काय घडतं ते बघू. मॉडेल एमच्या प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग आहे. बोटाने दाब दिला की ती थोडी आवळते, आणखी आवळते, आणि एका क्षणी तिचा तोल जातो. ती एका बाजूला वाकते. प्लास्टिकची पट्टी दोन टोकांनी दाबली की ती एकदम फुगून बाजूला जाते, तसंच. या वाकण्याने स्प्रिंगच्या तळाशी असलेला छोटा तुकडा उलटतो आणि खालचा संपर्क जुळतो. याचं पेटंट आयबीएमच्या रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या नावावर आहे, 1978 सालचं. 1981 मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, त्याच्याबरोबर हे तंत्र मॉडेल एफ या कीबोर्डात आलं. मॉडेल एम त्यानंतर, 1985 च्या सुमारास.

यातली मेख अशी: स्प्रिंग वाकते तोच खटका, आणि स्प्रिंग वाकते म्हणूनच अक्षर उमटतं. आवाज, बोटाला जाणवणारी ढील आणि विजेचा संकेत, तिन्हींचं कारण एकच. हा कीबोर्ड आवाज 'काढत' नाही. काम झालं की आवाज होतो. टाइप करणाऱ्याला स्क्रीनकडे न बघता कळतं की अक्षर गेलं. आमच्या मते या स्विचच्या आकर्षणाचा गाभा इथे आहे. खटका खरं बोलतो.

तुलनेसाठी जपानच्या आल्प्स कंपनीचे त्याच दशकातले स्विच घ्या. ॲपलच्या 1987 च्या एक्स्टेंडेड कीबोर्डमध्ये तेच होते, आणि त्यांचेही चाहते भरपूर. त्यांचा स्पर्श सुंदर आहे, वाद नाही. पण आत बघितलं तर बोटाला अडथळा जाणवून देणारी धातूची पात एका बाजूला, आणि संपर्क जुळवणारा भाग वेगळा. दोन कामं, दोन कामगार. ते बहुतेक वेळा एका तालात चालतात, पण एकमेकांना बांधलेले नाहीत. त्यातून आल्प्सला धुळीचं वावडं. आत धूळ गेली की घर्षण वाढतं आणि तोच सुंदर स्पर्श खरखरीत होतो. स्विच मेलेला नसतो. अक्षर उमटत राहतं. पण ज्यासाठी तो आवडत होता, ते गेलेलं असतं. म्हणजे टिकला, पण आवड टिकली नाही. इथे 'म्हणून'ला पहिला तडा जातो.

दुसरा तडा आकड्यांचा. जर्मनीत बनलेले चेरी एमएक्स स्विच 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आले. या घराण्याच्या जाहिरातीत 5 कोटी ठोक्यांचं आयुष्य सांगितलं जातं. ऐकायला भारदस्त वाटतं. जरा हिशेब करू. समजा एखादी व्यक्ती दिवसाला 50,000 ठोके मारते, म्हणजे चांगलंच काम करते. त्यातले दहावा हिस्सा एकाच बटणावर, स्पेसबारवर पडतात असं धरा. रोजचे 5,000. 5 कोटींना 5,000 ने भागलं की 10,000 दिवस. वर्षाला कामाचे 300 दिवस धरले, तर 33 वर्षं. उत्तम. आता रबरी टोपीचं बघा. तिला साधारण 1 कोटी ठोके धरले जातात. त्याच हिशेबाने 2,000 दिवस, म्हणजे साडेसहा वर्षांच्या वर, तेही सगळ्यात जास्त मार खाणाऱ्या बटणासाठी. आपल्यापैकी कितीजण एकच कॉम्प्युटर तितकी वर्षं वापरतात? तेव्हा या आकड्यामुळे कुणी प्रेमात पडत असेल, यावर आमचा विश्वास नाही. आकडा हे प्रेमाला मागाहून जोडलेलं कारण आहे.

तिसरा तडा सगळ्यात मोठा. केवळ आयुष्यच मोजायचं असेल तर मान हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाने 1968 मध्ये आणलेल्या कीबोर्डाला द्यायला हवा. त्यात बटणाबरोबर एक चुंबक खाली येतो आणि त्याचं क्षेत्र एक सेन्सर ओळखतो. हा हॉल इफेक्ट. धातूला धातू लागतच नाही, त्यामुळे संपर्क झिजण्याचा, गंजण्याचा प्रश्नच नाही. एमआयटीच्या लिस्प यंत्रांच्या प्रसिद्ध स्पेस कॅडेट कीबोर्डात असेच स्विच होते. जाणकार त्यांना मानतात, पण मॉडेल एमच्या खटक्यावर जीव टाकणारे जितके भेटतात, तितके यांचे भेटत नाहीत. आज हॉल इफेक्ट परत आलाय तो गेमिंगच्या कीबोर्डांत, आणि तिथे कौतुक कशाचं होतं? किती खोल दाबल्यावर बटण लागू व्हावं ते ठरवता येतं, याचं. दीर्घायुष्य तिथेही दुय्यमच.

मग मॉडेल एम टिकाऊ नाही का? इथे थोडं सावकाश जाऊ, कारण दंतकथा इथेच जास्त आहेत. मॉडेल एम ही मॉडेल एफची स्वस्त आवृत्ती होती. एफमध्ये खाली छापील सर्किटची पाटी, आणि स्प्रिंग वाकली की विद्युतधारिता बदलते. एमध्ये त्या पाटीच्या जागी पातळ प्लास्टिकचे तीन थर आले, आजच्या स्वस्त कीबोर्डात असतात त्याच जातीचे. एफमध्ये कितीही बटणं एकदम दाबली तरी ती ओळखता येतील अशी रचना होती, एमने ती सोडली. आणि एमचा प्लास्टिकचा सांगाडा मागच्या पोलादी पत्र्याला जोडला तो प्लास्टिकच्याच खुंट्या तापवून, त्यांची डोकी चपटी करून. ही डोकी वर्षांनुवर्षांनी ठिसूळ होतात आणि एकेक तुटतात. कीबोर्ड हलवला की आत खुळखुळतं, ती तुटलेली डोकी. पुरेशी तुटली की थर सैल होतात आणि खटका बोथट होतो. स्प्रिंग शाबूत, घर मोडकळीला.

एफलाही म्हातारपण चुकलेलं नाही. त्याच्या आत फोमचा एक थर असतो, तो काळाने कुजून त्याचा भुगा होतो.

म्हणजे लोक ज्याला अमर म्हणतात त्या वस्तूत स्प्रिंग टिकते आणि तिच्याभोवतीचं सगळं झिजतं. आणि तरीही हे कीबोर्ड आज चालताना दिसतात, ते का? कारण ते उघडता येतात. तुटलेल्या खुंट्यांच्या जागी भोकं पाडून बारीक नटबोल्ट बसवता येतात. हे काम तासनतास चालतं, पण घरच्या टेबलावर होतं. फोमचा नवा थर कापून घालता येतो. आणि मागे एक कारखानाही आहे. केंटकीमधल्या लेक्सिंग्टनला आयबीएमचा टाइपरायटरचा कारखाना होता. 1961 च्या सिलेक्ट्रिक टाइपरायटरचं गाव तेच. तिथला हा व्यवसाय 1991 मध्ये लेक्समार्क म्हणून वेगळा झाला. 1996 मध्ये लेक्समार्कने कीबोर्ड सोडले, तेव्हा युनिकॉम्प या कंपनीने ते काम उचललं आणि त्याच गावात वाकणाऱ्या स्प्रिंगचे कीबोर्ड पुढे बनत राहिले. तेव्हा टिकाऊपणा हा स्प्रिंगचा एकटीचा गुण नाही. उघडता येणारी रचना, सुटा भाग, आणि तो भाग बसवायला बसलेला माणूस, हे तिन्ही मिळून टिकतं.

आता थोडं आपल्याकडे. मॉडेल एम, मॉडेल एफ यांच्या आठवणी काढताना आपल्या काही मित्रांचा गळा दाटून येतो. त्यांना आम्ही एक तारीख आठवण करून देतो. आयबीएम 1978 मध्ये भारतातून बाहेर पडली आणि 1992 मध्ये टाटांबरोबर परत आली. म्हणजे या कीबोर्डांच्या ऐन भराचा काळ, आणि कंपनी इथे नाही. आपल्यातल्या बहुतेकांची ही आठवण उसनी आहे. उसनी असायला हरकत नाही, पण उसनी आहे हे माहीत असावं.

कारण आपली स्वतःची आठवण आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. टीव्हीएस गोल्ड. आठवला ना? हसलात म्हणजे आठवला. चेरीच्या निळ्या स्विचचा, खटखट वाजणारा, डेटा एन्ट्रीच्या ऑफिसांतला, डीटीपीवाल्यांकडचा. त्याच्या 'भारत' आवृत्तीवर देवनागरी अक्षरंही छापलेली. किती लग्नपत्रिका, किती दिवाळी अंक, किती परीक्षांचे पेपर या जातीच्या कीबोर्डांवर जुळले असतील! डीटीपी करणाऱ्याची नजर हस्तलिखितावर असते, स्क्रीनवर नाही. त्याला खटक्याने सांगावं लागतं की अक्षर गेलं. टाइपरायटरवर शिकलेल्या बोटांना तर ही सवयच होती. आम्ही मघाशी खरं बोलणारा खटका म्हटलं, त्याची गरज इथे रोजीरोटीची होती, शौकाची नव्हती. यावर कुणी संग्राहक मोठमोठ्याने बोलत नाही, कारण तो दुर्मिळ नाही.

आणि दुर्मिळपणावरून शेवटच्या मुद्द्याकडे येतो. नुकसान होतं म्हटलं होतं, ते हे.

जुन्या वाईस टर्मिनलांच्या कीबोर्डांत चेरीचे काळे स्विच असत. हौशी मंडळींचं म्हणणं, जुन्या काळ्यांची घसरण नव्यांपेक्षा मऊ असते. काही जण साच्यांना श्रेय देतात, काही म्हणतात वर्षांनुवर्षांच्या टायपिंगने प्लास्टिक घासून गुळगुळीत झालंय. कारण काहीही असो, परिणाम असा की चालू स्थितीतला कीबोर्ड विकत घ्यायचा, सगळे स्विच डाखून उपटायचे, नव्या देखण्या डब्यात बसवायचे, आणि उरलेला सांगाडा फेकून द्यायचा. त्या टर्मिनलला दुसरा कीबोर्ड चालत नाही. म्हणजे कीबोर्डाबरोबर ते यंत्रही मुकं झालं. आल्प्सच्या निळ्या स्विचचंही हेच.

"टिकाऊ म्हणून आवडतो" म्हणणारा माणूस, टिकलेली वस्तू मोडतो आहे. त्याने टिकाऊपणा स्विचच्या आत बघितला, म्हणून स्विच तेवढा वाचवला. तो टिकाऊपणा ज्या पूर्ण वस्तूत होता, ती गेली. स्विचला अवयव समजण्याऐवजी रत्न समजलं की असं होतं.

आमच्यावर आक्षेप येतील, आणि काही खरे आहेत. मॉडेल एमचं बटण दाबायला साधारण 65 ते 70 ग्रॅम दाब लागतो, चेरीच्या लाल स्विचला 45. दिवसभर टाइप करणाऱ्या दुखऱ्या मनगटाला हा फरक कळतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला खटक्याच्या प्रामाणिकपणाचं काही घेणंदेणं नाही, त्याला शांतता हवी. आणि जे उरले तेच आपल्याला दिसतात. त्या काळात निघालेले रद्दी कीबोर्ड कधीच भंगारात गेले, म्हणून 'तेव्हाचं सगळं भारी' असं वाटतं. हे सगळं मान्य.

तरी जुन्याकडून शिकायचं काय, ते आम्हाला साधं वाटतं. नवा कीबोर्ड घेताना ठोक्यांचा आकडा विचारू नका. मागचे स्क्रू दिसतात का बघा. एक बटण बिघडलं तर तेवढंच बदलता येईल का, हे विचारा. दाबल्यावर बोटाला जे कळतं ते खरंच घडलेलं असतं का, हे स्वतःच्या बोटाने तपासा. आणि घरात, ऑफिसच्या कपाटात एखादा जुना खटखट्या पडला असेल, तर त्याचे स्विच उपटू नका. उघडा, धूळ झटका, तुटलेलं बांधा आणि वापरात आणा. चाळीस वर्षं जुनी स्प्रिंग आजही वाकते, पण तिच्यावर बोट ठेवणारं कुणी हवं.

आता प्रश्न घेऊ. आणि हो, ज्यांना हा उजवीकडचा वाजवून बघायचाय, त्यांनी नंतर पुढे या.