‘कर्करोगाचे जनुक’ : एका शब्दप्रयोगाची तपासणी

वृत्तपत्रांतून, व्याख्यानांतून आणि कधी कधी वर्गातही ‘स्तनाच्या कर्करोगाचे जनुक’ असा शब्दप्रयोग कानी पडतो. तो सुटसुटीत आहे. पण आमच्या मते शास्त्रदृष्ट्या चुकीचा आणि समाजाच्या दृष्टीने घातक आहे.

शोधाची हकिकत पाहू. मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांतील १४६ रुग्णांचा अभ्यास केला. गुणसूत्रावरील कोणती खूण पिढ्यान्‌पिढ्या रोगासोबत उतरते, हे त्यांनी तपासले. लहान वयात होणाऱ्या आनुवंशिक स्तनकर्करोगाचा संबंध १७व्या गुणसूत्राशी आहे, असे १९९० साली त्यांनी दाखवले. १९९४ मध्ये तेथील बीआरसीए-१ हे जनुक हाती आले. पुढच्या वर्षी १३व्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ सापडले. ही अक्षरे ‘ब्रेस्ट कॅन्सर’वरूनच घेतलेली आहेत. गोंधळाचे मूळ येथे आहे.

प्रत्यक्षात ही जनुके करतात काय? डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर ते जोडण्यास त्यांची प्रथिने मदत करतात. ती प्रत्येक स्त्री-पुरुषात असतात आणि कर्करोगापासून राखण करतात. काही कुटुंबांत त्यांची एक प्रत बिघडलेली उतरते. पेशीतील दुसरीही निकामी झाली, की दुरुस्ती ढासळते. म्हणजे वारशाने येतो तो धोका, रोग नव्हे. असा बिघाड असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत हा रोग होतो. उरलेल्यांना होत नाही. शिवाय स्तनकर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी आनुवंशिक कारण असते ते साधारण ५ ते १० जणांतच.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राशन केले, ते माणसाला जन्मावरून अपवित्र ठरवण्याच्या विरोधात. त्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर संशोधन चालते. तळ्याचा धडा या विज्ञानालाही लागू आहे. ‘तिच्या रक्तातच कर्करोग’ असे म्हटले, की मुलीचे लग्न अडते, घरातला आजार लपवला जातो आणि तपासणीस उशीर होतो. दोषही आईच्याच माथी मारला जातो. वास्तविक बिघडलेली प्रत वडिलांकडूनही तितकीच येऊ शकते.

तेव्हा शिकवताना ‘दुरुस्ती करणाऱ्या जनुकातील बिघाड’ असे म्हणावे. दोन शब्द वाढतील. पण मग विद्यार्थी आपणहून पुढचा प्रश्न विचारेल, की बिघाड कळल्यावर काय करता येते? नियमित तपासणी, तज्ज्ञांचा सल्ला, गरज पडल्यास प्रतिबंधक शस्त्रक्रिया, असे उत्तर देता येते. ‘कर्करोगाचे जनुक’ म्हटले, की हा प्रश्नच उरत नाही.