शब्द मराठी, ठेका उसना

मराठी हिप हॉपबद्दल गेल्या दहा वर्षांत जे लिहून आलं, ते जवळजवळ सगळं शब्दांबद्दल आहे. कोणी जातीवर लिहिलं, कोणी जंगलतोडीवर, कोणाची बोली अस्सल, कोणाची शहरी, याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या शब्दांच्या खाली जे वाजतं त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ऐकायला बसलं की कारण कळतं. अमरावतीचा मुलगा वऱ्हाडीत बोलतो, सटाण्याचा अहिराणीत, साताऱ्याचा त्याच्या बोलीत, आणि तिघांच्या खाली ठेका एकच: ८०८ या ड्रम मशीनचा लांबलचक बास, हाय-हॅटची तडतड, पियानोची दोन सुरांची उदास ओळ. 'टाइप बीट' म्हणून इंटरनेटवरून फुकट किंवा चार पैशांत उतरवलेला हा ठेका अटलांटाच्या गल्लीत जन्मला आणि तिथे तो खरा आहे. बागलाणात तो भाड्याचा आहे. मला या प्रकाराची चीड येते, कारण ज्या कलेचा जन्मच जुन्या तबकड्या नव्या कानाने ऐकण्यातून झाला, ती कला इथे ऐकणं सोडून बसली आहे.

आजचं चित्र थोडक्यात मांडतो. पुण्याच्या एम. सी. स्टॅनने स्वतःचे बीट स्वतः केले. त्याच्या मागून आलेल्यांनी त्याचं ऑटोट्यून उचललं, ती जिद्द उचलली नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' (२०२४) हे हाउस संगीत आहे, नाचायला झकास, पण इथला मुद्दा त्याचा नाही. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' ही गोड चाल आहे, त्यापलीकडे बीट करणाऱ्याला त्यात शिकण्यासारखं काही नाही. 'फोक फ्यूजन' नावाखाली ढोलकी आणि गिटार एकमेकांकडे पाठ करून वाजतात. त्यावर शब्द खर्च करत नाही. मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाने 'द वारली रिव्होल्ट'मध्ये (२०१९) आरेच्या जंगलासाठी वारली आदिवासी प्रकाश भोईर यांचा आवाज मध्यभागी आणला आणि रॅपला त्याच्या सोबतीला उभं केलं. हे काम मोलाचं आहे. त्या वाटेने पुढे गेलेले मात्र थोडे.

सॅम्पलिंगचं मर्म काय, हे ब्रॉन्क्सची सगळी कथा न सांगताही दाखवता येतं. १९७३मध्ये डीजे कूल हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून मधला नुसत्या ड्रमचा तुकडा लांबवला, तेव्हा त्याने नवं काही वाजवलं नाही. कोणता तुकडा महत्त्वाचा, एवढंच ठरवलं. १९८७मध्ये आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. जागा वाचवण्यासाठी मुलं ३३च्या गतीची तबकडी ४५वर फिरवून भरून घेत आणि यंत्रात पुन्हा संथ करत. आवाजाला येणारा तो खरखरीत पोत त्या अडचणीतून जन्मला. दहा सेकंदच मिळणार असतील तर संपूर्ण गाण्यातले नेमके कोणते दहा, हा प्रश्न सुटेपर्यंत गाणं पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. म्हणून चांगलं सॅम्पल ही एक समीक्षा असते. ती जुन्या गाण्याबद्दल असं काही सांगते जे त्या गाण्याच्या चाहत्यांनाही उमगलेलं नसतं. डेट्रॉइटच्या जे डिलाचा 'डोनट्स' (२००६) हा संग्रह ऐकताना याची खात्री पटते.

आपल्या तबकड्यांवर ही समीक्षा परक्यांनी केली, ही बोचणारी गोष्ट आहे. 'ज्योती' (१९८१) चित्रपटातलं बप्पी लाहिरींचं, लता मंगेशकरांनी गायलेलं 'थोडा रेशम लगता है' आपल्याकडे विस्मरणात गेलं होतं. २००२मध्ये डीजे क्विकने ते 'अ‍ॅडिक्टिव्ह'साठी उचललं आणि ट्रुथ हर्ट्सचं ते गाणं अमेरिकेत गाजलं. बीट करणाऱ्या मॅडलिबने २००७मध्ये भारतीय चित्रपटसंगीताचे तुकडे कापून आख्खा संग्रह केला. ब्लॅक आइड पीजने 'अपराध' आणि 'डॉन'मधल्या कल्याणजी-आनंदजींच्या चालींवर गाणं बांधून ग्रॅमी नेलं. या मंडळींना भाषा कळत नव्हती, संदर्भ ठाऊक नव्हते, तरी त्यांना ऐकू आलं. ज्यांना भाषा आणि संदर्भ दोन्ही ठाऊक, ते मात्र परदेशी कंपन्यांनी 'ट्रायबल' म्हणून विकलेल्या सॅम्पल पॅकमधून ढोल उचलत बसले आहेत.

आता ज्या कामाने मला उमेद दिली त्याकडे येतो. ते काम कोणत्याही संग्रहात नाही, त्याला पुरस्कार नाही आणि समीक्षकाने त्याचं नाव घेणं कमीपणाचं समजलं जातं. कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याच्या कसमादे पट्ट्यात आणि खानदेशात लग्नसराईत वरातीपुढे जे 'संबळ मिक्स', 'हलगी मिक्स', 'नाशिक ढोल मिक्स' वाजतात, ते लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये घडवणाऱ्या मुलांचं काम हीच महाराष्ट्रातली खरी सॅम्पलिंगची परंपरा आहे. जुन्या गाण्याचं पहिलं कडवं टाकून फक्त धृपदाचा अर्धा चरण ठेवायचा, तो तीनदा फिरवायचा, चौथ्यांदा अर्ध्यावर तोडून एक श्वास शांतता ठेवायची आणि मग संबळ सोडायचा. हे तंत्र कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. नाचणाऱ्या गर्दीकडे बघून ते कमावलेलं आहे. स्पीकरची ताकद दाखवण्यासाठी बनवलेल्या 'साउंड चेक'च्या तुकड्यांत चित्रपटाचा एखादा संवाद शब्दाशब्दांत चिरून ज्या तालात बसवलेला असतो, तो कोणत्याही नावाजलेल्या स्टुडिओला खाली पाहायला लावेल. त्यातलं बरंचसं कर्कश आणि घाईचं असतं हे मान्य. पण ज्या कानाची मी मागणी करतो तो कान तिथे जागा आहे.

हा कान का महत्त्वाचा, ते तालाच्या अंगाने पाहावं लागेल. संगणकावरचं बीट चौकटीच्या जाळीत बसतं. प्रत्येक ठोका जिथे रेघ आहे तिथेच पडतो. गोंधळातला संबळ या जाळीत बसत नाही. त्याच्या मोठ्या तोंडावर वाकडी काडी घासत येते आणि ठोका किंचित उशिरा उमटतो. हलगीवर जाड टिपरूचा घाव आणि बारीक छडीचा उलट फटका यांच्यात अंतर सारखं नसतं. त्या असमानतेतच चाल झुलते. अनेक लावण्यांत लय कडव्यागणिक चढत जाते, त्यामुळे पहिल्या मिनिटातला तुकडा आणि तिसऱ्या मिनिटातला तुकडा एका गतीचे नसतातच. सॉफ्टवेअरचं एक बटण दाबून हे सगळं 'सरळ' करता येतं, आणि सरळ केलं की ते मरतं. जे डिलाची थोरवी जगभर सांगितली जाते ती याचसाठी की त्याने ठोके जाळीतून मोकळे केले. आपल्याकडे ते मुळातच मोकळे आहेत. आपण मेहनतीने त्यांना जाळीत कोंबतो आणि त्याला व्यावसायिक दर्जा म्हणतो.

आणि सामग्री किती आहे! 'सांगत्ये ऐका'मधल्या (१९५९) वसंत पवारांच्या संगीतातले ढोलकीचे तुकडे घ्या, 'पिंजरा'मधलं (१९७२) राम कदमांचं वाद्यमेळाचं काम घ्या, सुलोचना चव्हाणांच्या लावणीतला शब्द संपून ठेका एकटा उरतो तो क्षण घ्या. शाहीर साबळे, अमर शेख, विठ्ठल उमप यांचे आवाज घ्या. 'पोवाडा म्हणजे आपला रॅप' हे वाक्य प्रत्येक मुलाखतीत ऐकून कान किटले. ते म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी डफ आणि तुणतुणं बीटमध्ये घेतलं? एका तारेवर अखंड फिरणारं तुणतुणं हा तयार लूप आहे. त्याहून मोठा ठेवा म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून गावोगाव फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या. त्यांतल्या अनेकींचं ध्वनिमुद्रण 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावानिशी आणि गावानिशी ऐकता येतं. तिथे जात्याची घरघर हाच ठेका आहे. आमच्या बागलाण-कळवण-सुरगाण्याच्या डोंगरात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर पावरी हे फुंकवाद्य वाजतं, त्याला बीट करणाऱ्याने अजून कान दिलेला नाही.

यावर पहिला आक्षेप चोरीचा. तो हलका नाही. जगात अगणित वेळा वापरला गेलेला 'आमेन ब्रेक' १९६९मध्ये ग्रेगरी कोलमन या ढोलवादकाने वाजवला आणि तो २००६मध्ये बेघर अवस्थेत वारला. त्याला त्या सहा सेकंदांचे पैसे कधी मिळाले नाहीत. म्हणून माझं म्हणणं कायदा बाजूला ठेवा असं नाही, कायदा नीट वाचा असं आहे. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचा. म्हणजे १९५९ची तबकडी ध्वनिमुद्रण म्हणून २०२०पासून मोकळी. शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. १९७७मध्ये गेलेल्या गदिमांचे शब्द २०३७ संपेपर्यंत राखलेले आहेत. एकट्या ढोलकीचा तुकडा घ्यायचा की गायलेली ओळ, याचं उत्तर इथून मिळतं. बीट करणाऱ्याला हा हिशेब यायलाच हवा. परवानगी लागते तिथे मागावी, पैसे द्यावेत.

दुसरा आक्षेप पोटाचा: डीजे आला आणि संबळवाल्याची सुपारी गेली. हे खरं आहे आणि सॅम्पलिंगची बाजू घेणाऱ्याने ते लपवू नये. पण ही सुपारी ठेका कापण्याने गेली नाही, ठेका निनावी करण्याने गेली. 'संबळ मिक्स' या नावात संबळ असतो, संबळ वाजवणारा नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या भारतीय तबकड्यांच्या शेवटी गाणारी व्यक्ती स्वतःचं नाव स्वतः उच्चारत असे. गौहर जानचं १९०२चं ध्वनिमुद्रण त्यासाठीच सगळ्यांना आठवतं. आज बीटच्या सुरुवातीला बीट करणाऱ्याचं नाव घोगऱ्या आवाजात गरजतं आणि ज्याचा ठोका घेतला त्याचं नाव कुठेच नसतं. हा अन्याय सॅम्पलिंगच्या स्वभावात नाही, आपल्या सवयीत आहे, म्हणून तो दुरुस्त होऊ शकतो.

तिसरे लोक म्हणतात, जुनं कापण्यापेक्षा वादकाला बोलावून नव्याने वाजवून घ्या. केरळच्या हनुमानकाइंडने 'रन इट अप'मध्ये (२०२५) चेंडा वाजवून घेतलाच की. जरूर घ्या, वादकाला काम मिळेल. पण त्याने सॅम्पलची जागा भरून निघत नाही. जुन्या तबकडीवर त्या काळची खोली, तो एकच मायक्रोफोन, तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटपण्याची घाई आणि आता हयात नसलेल्या हाताचं वजन असतं. ते पुन्हा वाजवता येत नाही, फक्त ऐकता येतं. ज्याला जुना हात कसा पडायचा हे ठाऊक नाही तो नव्या वादकाकडून तरी काय वाजवून घेणार? तो त्यालाही मेट्रोनोम देऊन जाळीतच बसवणार.

म्हणून मी आता सर्वेक्षण सोडून सरळ मागणी करतो. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९०पासून जुन्या तबकड्यांचा अभ्यास टिकवून आहे. मराठी रॅपरांनी एकदा तरी अशा संग्राहकांच्या दारात जावं. सांस्कृतिक खात्याने लोककलेच्या नावाने वार्षिक महोत्सव भरवण्याबरोबर हक्क मोकळे झालेल्या मराठी तबकड्यांचा डिजिटल साठा तालुक्याच्या वाचनालयापर्यंत खुला करावा. समीक्षकांनी रॅपचे शब्द छापताना बीट कोणी केलं आणि त्यात कोण वाजतंय हे विचारावं. आणि सटाण्यात, मालेगावात, साक्रीत लॅपटॉपवर मिक्स करणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे: तुमचा कान मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंपेक्षा तयार आहे, टाइप बीटच्या मागे लागून तो बोथट करू नका. पुढचं मिक्स टाकाल तेव्हा त्याच्या नावात वाजवणाऱ्याचं नाव आणि गाव घाला, आणि मिळालेल्या पैशातला वाटा त्याच्या घरी पोहोचवा.