नवजात वासरांची जीवनसत्त्व-स्थिती : मापनाच्या मर्यादा

नेवासा तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील गाव जनावरांच्या बाजारासाठी दूरवर परिचित आहे. गाभण वा नुकत्याच व्यालेल्या संकरित गायी आणि म्हशी अशा बाजारात मालक बदलतात. सौदा ठरतो तो कास, दात आणि वेत पाहून. भाकड काळात जनावराने काय खाल्ले, हे सहसा कोणी विचारीत नाही. नवजात वासरांच्या अँटिऑक्सिडंट, अर्थात प्रतिऑक्सिडीकारक, स्थितीवरील अभ्यासांतही नेमका हाच प्रश्न बहुधा राहून जातो.

गर्भाशयातील अल्प ऑक्सिजनात वाढलेले वासरू पहिल्या श्वासासरशी ऑक्सिजनच्या विपुलतेत येते आणि मुक्त मूलकांचे प्रमाण वाढते. त्यांना आवर घालणाऱ्या यंत्रणेत सेलेनियमयुक्त ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर आणि ई जीवनसत्त्व प्रमुख होत. सेलेनियम वारेतून गर्भापर्यंत बऱ्यापैकी पोहोचते. ई आणि ए ही जीवनसत्त्वे मात्र अत्यल्प. त्यांचा साठा वासराला चिकातूनच मिळवावा लागतो. सी जीवनसत्त्व वासराच्या यकृतात तयार होत असले, तरी पहिल्या काही आठवड्यांत ते पुरेसे नसते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जन्मताच घेतलेल्या रक्तात ई जीवनसत्त्व कमी आढळणे हा आजार नव्हे, ती वासराची स्वाभाविक अवस्था होय. तरीही या आकड्याला थेट 'कमतरता' म्हणण्याची घाई केली जाते. हे जीवनसत्त्व रक्तातील मेदासोबत वाहते आणि नवजात वासराच्या रक्तात मेद मुळातच कमी असतो. तेव्हा मेदाशी गुणोत्तर न काढता दिलेला आकडा दिशाभूल करतो. नमुना चीक पाजण्यापूर्वीचा की नंतरचा, हे नोंदविलेले नसेल, तर त्या आकड्याला अर्थच उरत नाही. तुलनेसाठी घेतलेली प्रमाणमूल्ये पुष्कळदा पूरक जीवनसत्त्वे मिळणाऱ्या परदेशी कळपांची असतात, हा आणखी एक दोष.

वास्तविक चिकातील जीवनसत्त्वांचा हिशेब वैरणीपासून सुरू होतो. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व भरपूर असते. उन्हात वाळताना त्याचा मोठा भाग नष्ट होतो. कडब्यावर भाकड काळ काढलेल्या गायीचा चीक दिसायला दाट असला, तरी त्याबाबतीत गरीब असू शकतो. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत याच जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि उसावर जनावरे जगविली गेली. अशा वर्षांतील वासरांचे आकडे पावसाळ्यातील आकड्यांसोबत एकाच सरासरीत घालणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय नाही. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ येथून जवळच आहे. 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय तेथलीच. स्थानिक प्रमाणमूल्ये ऋतू आणि वैरणीनुसार ठरविण्याचे काम या परिसरातच होऊ शकते.

म्हशीच्या बाबतीत तर पाहण्याचीच रीत बदलावी लागते. गायीच्या चिकाचा पिवळेपणा कॅरोटीनचा असतो. म्हशीच्या दुधात कॅरोटीन जवळजवळ नसते, ए जीवनसत्त्व मात्र असते. त्यामुळे रंगावरून केलेला अंदाज रेडकाच्या बाबतीत फसतो.

उरला प्रश्न वेळेचा. वासराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर, चीक पहिल्या काही तासांतच पोटात जावा लागतो. चिकातील रोगप्रतिकारक प्रथिने शोषण्याची आतड्याची क्षमता साधारण 24 तासांत संपते. अनेक ठिकाणी मात्र वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची प्रथा आहे. खरवसासाठी चीक काढून ठेवला जातो, तो निराळाच. या दोन्ही गोष्टी प्रश्नावलीत क्वचितच येतात. संकरित गोऱ्ह्याची नोंद तर त्याहूनही विरळ. शेतीकामाला त्याचा फारसा उपयोग नाही. 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर त्याला बाजारही उरला नाही. चीक कमी पडला की तो प्रथम त्याच्याच वाट्याचा कमी होतो, आणि रक्ताचा नमुना घेण्याची वेळ येईपर्यंत तो गोठ्यात असेलच असे नाही.