ह्यू मासेकेला यांची आगगाडी आणि टाळ्या वाजवणारे हात

प्रत्यक्ष कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका ऐकताना गायकाचा आवाज कानी पडतो, वाद्ये कानी पडतात आणि टाळ्याही. त्या टाळ्या कोणाच्या, हे सहसा कोणी विचारत नाही. दक्षिण आफ्रिकेचे गायक, गीतकार आणि ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला यांच्या ‘होप’ या १९९४ च्या ध्वनिमुद्रिकेविषयी लिहिताना मला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. तो मला सुचला तो एका स्नेह्याच्या दिवाणखान्यात. त्यांनी नवे, भारी किमतीचे स्पीकर घेतले होते आणि त्यांची करामत दाखवण्यासाठी ‘स्टिमेला’ हे गाणे लावले. “बघा सर, खर्ज कसा छातीत बसतो!” असे ते सांगत होते. उंची ध्वनियंत्रांच्या शौकिनांमध्ये हे मुद्रण जगभर प्रसिद्ध आहे. यंत्राची परीक्षा घेण्यासाठी ते वाजवले जाते. मी खर्ज ऐकत होतो, तेवढ्यात शब्द कानांवर आले. मी त्यांना गाणे पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले. त्यांना वाटले, मला स्पीकर पसंत पडले.

स्टिमेला म्हणजे आगगाडी. भोवतालच्या देशांतून आणि खेड्यापाड्यांतून काळ्या पुरुषांना भरभरून जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींकडे नेणारी कोळशाची आगगाडी. मासेकेला १९३९ साली विटबँक या कोळसाखाणीच्या गावात जन्मले. त्यांच्या आजीचा घरगुती गुत्ता होता. खाणीतून सुटलेले मजूर तेथे येत, पीत आणि बोलत. गाण्याचे मूळ तेथे आहे, कोणत्याही संगीतशाळेत नाही. पुढे फादर ट्रेव्हर हडलस्टन यांनी त्या पोराच्या हाती ट्रम्पेट दिले. १९६० च्या मार्चमध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसे गोळ्या घालून मारली आणि त्याच वर्षी मासेकेला देशाबाहेर पडले. परतायला तीस वर्षे गेली. मधल्या काळात, १९६८ साली, त्यांची एक चाल अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. त्या यशावर जन्मभर सुखाने बसता आले असते. ‘स्टिमेला’ त्यानंतरचे आहे. ते प्रथम १९७४ साली मुद्रित झाले.

‘होप’मधील त्याचे रूप दहा मिनिटांहून मोठे आहे. त्यात बराच वेळ मासेकेला गातच नाहीत, ते बोलतात. देशांची नावे एकामागून एक उच्चारतात. मग खाणीच्या पोटातले काम, दिवसाचे सोळा तास, नगण्य मजुरी, लोखंडी ताटातले अन्न, पिसवांनी भरलेल्या बराकी. आणि तेथे पडून घरच्यांची आठवण काढणारा माणूस, ज्याला घरची माणसे जागेवर आहेत की हुसकावली गेली हेही ठाऊक नाही. इंजिनाची शीळ आणि वाफेचा फुत्कार ते तोंडानेच काढतात. माणसाच्या गळ्यातून निघालेली ती शीळ ऐकताना गाडी आणि गाडीत कोंबलेला माणूस यांच्यातले अंतर नाहीसे होते. येथे वाद्यमेळ सजावटीसाठी नाही. ताल चाकांचा आहे, आणि चाके कोणासाठी थांबत नाहीत.

हे निवेदन इंग्रजीत आहे. गाणे सुरू होते ते आपल्या भाषेत. म्हणजे समजावणे परक्यांसाठी आणि आकांत आपल्यांसाठी. दलित आत्मकथनांच्या वाचकाला ही अडचण नवी नाही. आपले लेखक वस्तीतल्या शब्दाचा अर्थ कंसात देत, मेल्या जनावराच्या मांसाचे वाटे कसे पडत ते सविस्तर सांगत, तेव्हा आपल्यातलेच काही जण म्हणत, हे कोणाला दाखवता? आपल्या माणसाला हे ठाऊकच आहे. हा आक्षेप मी स्वतः विद्यार्थिदशेत हिरिरीने मांडला आहे. मासेकेलांचे निवेदन पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मला तो अपुरा वाटू लागला. ते दया मागत नाहीत. देशांची यादी ते पंचनामा वाचावा तशी वाचतात. प्रत्येक नाव म्हणजे एक साक्ष. ऐकणारा परका असला तर त्याला माहिती मिळते, आणि आपला असला तर आपल्या मुलखाचे नाव घेतले जाताना तो ऐकतो. एकच वाक्य दोघांसाठी दोन कामे करते.

तरीही टाळ्यांचा प्रश्न उरतोच. मायदेशी परतल्यावर १९९१ साली मासेकेलांनी ‘बायेटे’ आणि ‘सांकोमोटा’ या वाद्यवृंदांना सोबत घेऊन दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. चार महिने गावोगावी गाणे. तीस वर्षे ज्यांच्याविषयी गायले त्यांच्यासमोर अखेर उभे राहणे, हा त्या दौऱ्याचा अर्थ. पण जगाच्या हाती आलेली ही ध्वनिमुद्रिका त्या दौऱ्यातली नाही. ती वॉशिंग्टनच्या ‘ब्लूज ॲली’ या जॅझ क्लबातली आहे, जेथे श्रोते जेवणाच्या टेबलांशी बसून गाणे ऐकतात. आवाजाचा स्वच्छपणा त्या लहान, बंदिस्त जागेची देणगी आहे. उघड्या मैदानात हजारोंच्या गर्दीत हे गाणे असे टिपले गेले नसते. चांगले यंत्र आणि चांगली खोली जेथे असते तेथे खाणकामगार नसतो, हा कलेच्या अर्थव्यवहाराचा नियम येथे कानांनी ऐकता येतो. आपल्या जलशांचे आणि शाहिरांचे काय झाले? ते वस्तीत, जयंतीच्या मंडपात, कर्ण्यावर गायले. श्रोते खरे होते, मुद्रण नव्हते. मासेकेलांच्या वाट्याला मुद्रण आले. त्यात हरखून जाण्यासारखे किंवा हेवा करण्यासारखे मला काही दिसत नाही.

अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावाकडं राहिली’ ही छक्कड या गाण्याची सख्खी बहीण आहे. गावी राहिलेली बायको आणि मुंबईत राबणारा गडी. पण एक फरक नोंदवला पाहिजे. मासेकेलांच्या गाडीत बसलेला प्रत्येक जण काळा आहे आणि गोरी मालकशाही समोर आहे. खाणमालक मजुरांना जमातवार वेगळे ठेवत. गाणे ती भिंत पाडते, हे त्याचे मोठेपण. आपल्या आगगाडीत मात्र शेजारी बसलेला कामगारही आपल्याला धोट्याला हात लावू देत नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून साचेखात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. माझे आजोबा रिंगखात्यातच निवृत्त झाले. म्हणून ‘स्टिमेला’चे मराठी रूपांतर करू पाहणाऱ्या आमच्या तरुण शाहिरांना मी सांगेन, नुसती चाल उचलू नका, आपल्या डब्यातही डबे होते.

ध्वनिमुद्रिकेतले सगळेच उत्तम आहे असे नाही. काही ठिकाणी कीबोर्डचे गुळगुळीत स्वर गाण्यावर साय धरतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे ‘लेडी’ची निवड. हे नायजेरियाच्या फेला कुटी यांचे गाणे. पुरुषाच्या बरोबरीचा हक्क सांगणाऱ्या आफ्रिकी बाईची ते टिंगल करते आणि नवऱ्याच्या आज्ञेतल्या बाईला आदर्श ठरवते. ताल असा की पाय आपोआप हलतात. टिंगल त्यामुळेच पचते. ज्या स्वातंत्र्याच्या नावाने बाकीची मैफल चालली आहे त्यात बाईची जागा कोणती, हा प्रश्न मासेकेलांना पडलेला दिसत नाही. आणि गंमत अशी की सोवेटोच्या १९७६ च्या उठावावरचे त्यांचेच ‘सोवेटो ब्लूज’ जगभर पोहोचले ते मिरियम मकेबा या बाईच्या आवाजातून. आपल्या चळवळीतल्या पुरुषांनी ही जागा जरा थांबून ऐकावी.

‘मंडेला’ हे गाणे याउलट खुल्या आनंदाचे. १९८५ साली पोल्समूरच्या तुरुंगातून मंडेलांनी बाहेर धाडलेले वाढदिवसाचे पत्र मासेकेलांना मिळाले, त्यातून ते जन्मले. या मुद्रणाच्या वेळी मंडेला सुटलेले होते, त्यामुळे मागणीचे गाणे उत्सवाचे झाले आहे. कोणीही संपादक असता तर ध्वनिमुद्रिका येथे संपवली असती. नावही ‘होप’, आशा. पण शेवटी ठेवली आहे कोळशाची आगगाडी.

२०१२ च्या १६ ऑगस्टला मारिकाना येथे पगारवाढीसाठी संपावर असलेले ३४ खाणकामगार पोलिसांनी गोळ्या घालून मारले. सरकार तेव्हा मंडेलांच्याच पक्षाचे होते. मासेकेला २०१८ च्या जानेवारीत वारले. मारिकानानंतरही ते हे गाणे कार्यक्रमांतून गात होते. गेल्या वर्षी मी ते बी.ए.च्या वर्गात ऐकवले, साध्या मोबाइलवर, टेबलावर पालथा पेला ठेवून. खर्ज काही ऐकू आला नाही. देशांच्या नावांपाशी ऊसतोड कामगाराच्या एका मुलीने गाणे थांबवायला सांगितले आणि वहीत नावे उतरवून घेतली. मग विचारले, “सर, ह्यांच्या पोरांच्या शाळेचं काय व्हायचं?” ते गाण्यात नाही, असे मला सांगावे लागले.