मैत्रीच्या भरवशावर : मुंबईतील स्वतंत्र संगीताची स्थिती

मुंबईत चित्रपटसंगीताचा व्यवसाय इतका अवाढव्य आहे, की त्याच्या बाहेर राहून होणाऱ्या संगीताला आपली ओळखही बहुधा नकारातूनच करून द्यावी लागते. कोणा निर्मात्याने न मागवलेले, कोणत्याही पटकथेतील प्रसंगासाठी न बेतलेले, गायक-वादकांनी स्वतः रचून आणि पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रित केलेले संगीत म्हणजे ‘स्वतंत्र’ किंवा ‘इंडी’ संगीत, असा या शब्दाचा व्यवहारातला अर्थ आहे. त्यात रॉक येते, मेटल येते, इलेक्ट्रॉनिक संगीत येते आणि गेल्या दशकात सर्वांत जोमाने वाढलेला रॅपही येतो. या प्रकारांचे श्रोते वेगळे, वस्त्या वेगळ्या आणि भाषाही वेगळ्या असल्या, तरी एक गोष्ट सर्वत्र सारखी आढळते : एरवी जे काम ध्वनिमुद्रण कंपनी, संगीतशाळा किंवा नाट्यगृह करते, ते येथे मित्रमंडळींनी केलेले आहे. या मैत्रीने संगीत जगवले यात शंका नाही. परंतु जेथे संस्था उभ्या राहायला हव्या होत्या तेथे पन्नास वर्षे मैत्रीच राबत राहिली आणि त्याची किंमत संगीताला मोजावी लागली, हेही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजे.

या संगीताच्या पहिल्या पिढीला आधार मिळाला तो सिगारेटच्या जाहिरातीचा. ‘सिमला बीट’ या स्पर्धेतील निवडक बँडच्या गाण्यांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या, आणि त्या काळच्या तरुण वादकांचे जे थोडेफार ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळते त्यात या तबकड्यांचा वाटा मोठा आहे. याच पिढीतील नंदू भेंडे यांचे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने परिचित असेल. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचा हा मुलगा ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’सारख्या रॉक बँडमध्ये गात होता, अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडासची भूमिका करत होता आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तही रंगमंचावर उभा होता. इंग्रजी रॉक आणि मराठी रंगभूमी ही दोन जगे एका माणसाच्या गळ्यात इतकी जवळ आलेली असताना त्यांच्यातला पूल पुढे कोणी बांधला नाही, ही या इतिहासातील हळहळ लावणारी गोष्ट आहे.

दुसऱ्या पिढीला मात्र एक खरीखुरी जागा मिळाली. धोबी तलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारचे ‘रंगभवन’ हे खुले नाट्यगृह १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाचे ठिकाण होते, आणि १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सवही तेथेच रुजला. परक्या गाण्यांची हुबेहूब नक्कल करणे, म्हणजे बँडच्या भाषेत ‘कव्हर’ वाजवणे, हाच तोवर कौशल्याचा मापदंड होता. स्वतःची रचना, अर्थात ‘ओरिजिनल’, ऐकून घेण्याची सवय श्रोत्यांना लागली ती या काळात. ‘रॉक मशीन’ या बँडने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, दशकाच्या अखेरीस त्याची पांगापांग झाली आणि २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आदी जुने सोबती पुन्हा एकत्र आले. त्यानंतर आलेला ‘इव्हॉल्व्ह’ हा २०१२ चा अल्बम त्यांच्या उमेदीच्या काळातील कामापेक्षा अधिक गंभीर आणि बांधीव आहे, आणि कोणत्याही कंपनीचा आग्रह नसताना केवळ आपसातल्या ओढीतून असे काम होऊ शकते याचा तो उत्तम दाखला आहे.

रंगभवनचा आवाज बंद झाला तो कायद्याने. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि रंगभवनच्या आसपास महाविद्यालयही आहे व रुग्णालयेही आहेत. नियमामागील हेतू योग्यच होता. चूक झाली ती पर्यायी जागा न देण्यात. स्वस्त तिकीट काढून आलेले विरारचे आणि कुलाब्याचे विद्यार्थी जेथे एकाच गर्दीत उभे राहत, ओळखी करून घेत आणि पुढच्या वर्षी स्वतःचा बँड घेऊन येत, ते ठिकाण गेल्यावर हे संगीत खाण्यापिण्याच्या जागांच्या आश्रयाला गेले. जुहूचे ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ आणि २००७ च्या अखेरीस लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात उघडलेले ‘ब्लू फ्रॉग’ ही या पर्वाची दोन ठळक नावे. उत्तम ध्वनियोजना आणि कलावंताला सन्मानाची वागणूक यांबाबत ‘ब्लू फ्रॉग’ने घालून दिलेला पायंडा मोलाचा होता, पण अशा जागेचे भाडे गाण्याच्या तिकिटातून निघत नाही, ते मद्य आणि जेवण यांच्या बिलातून निघते, त्यामुळे श्रोता हा आधी गिऱ्हाईक ठरतो. २०१६ मध्ये मुंबईतील ‘ब्लू फ्रॉग’ बंद झाले, आणि हे आश्रयस्थान किती कच्च्या पायावर होते ते उघड झाले.

या पर्वातील मैत्रीचे स्वरूप समजून घेण्यासाठी ‘गिग’, म्हणजे बँडचा जाहीर कार्यक्रम, प्रत्यक्षात कसा उभा राहतो ते पाहावे. संध्याकाळी तीन बँड वाजवणार असले, तरी मंचावर ड्रमसंच एकच असतो. प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर, झांजा आणि पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे पेडल तेवढे टॅक्सीत घालून आणतो, आणि बाकीचे ढोल सगळ्यांचे मिळून असतात. दोन बँडमधल्या पंधरा-वीस मिनिटांत एकाच्या झांजा उतरतात, दुसऱ्याच्या चढतात, खुर्चीची उंची बदलते, कोणाची तार तुटली तर आधीच्या बँडचा गिटारवादक आपली गिटार तशीच त्याच्या हाती देतो. जॅमपॅड, म्हणजे तासाच्या भाड्याने मिळणारी सरावाची बंदिस्त खोली, हीसुद्धा अशीच वाटून घेतली जाते. वाद्येच नव्हेत तर वादकही सामाईक असतात : ‘झीरो’ बँडचे वॉरन मेंडोन्सा पुढे ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने शब्दाविना गिटारसंगीत करू लागले, त्याच बँडचे सिद्ध कुटो अनेक बँडमधून दिसत राहिले, आणि जय रो कवी यांच्यासारखा ड्रमर ‘इंडस क्रीड’लाही साथ करतो व ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’लाही. यामुळे वादनाचा दर्जा वाढला, वाजवणाऱ्याला एकमेकांच्या सवयी कळल्या. परंतु तेच पाच-सात हात शहरभर फिरत राहिल्याने अनेक बँडची लय आणि ध्वनीचा पोत एकसारखा होत गेला, आणि सफाईदार वादनाच्या मानाने शब्द दुबळे राहिले. या शहरात जगणाऱ्या माणसाची भाषा, त्याचा प्रवास, त्याचे घर या इंग्रजी गाण्यांत फार क्वचित ऐकू येते.

मेटलच्या वर्तुळात वाटून घेण्याची हीच रीत अधिक चिवटपणे रुजली. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या २००० मध्ये सुरू झालेल्या बँडचे साहिल मखिजा यांनी ध्वनिमुद्रण, प्रकाशन आणि महोत्सव ही तिन्ही कामे स्वतः अंगावर घेतली आणि इतर बँडनाही त्यांचा लाभ दिला.

शब्दांची उणीव भरून निघाली ती वेगळ्याच वस्त्यांतून. कुर्ल्याचा रॅपर नेझी याने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर चित्रित करून लोकांसमोर आणले, अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये आले, आणि ज्याला जॅमपॅडचे भाडे परवडत नाही त्याला संगीताचे दार उघडले. रॅपची शाळा म्हणजे ‘सायफर’ : मैदानाच्या कोपऱ्यात, जिन्याखाली किंवा स्टेशनबाहेर मुले गोल करून उभी राहतात, एक जण मोबाइलवर ठेका लावतो, किंवा बॅटरी संपली तर तोंडाने ठेका धरतो, आणि प्रत्येकजण आळीपाळीने आपल्या ओळी म्हणतो. अडखळलेल्याला शेजारचा शब्द पुरवतो. उसन्या ओळी म्हणणाऱ्याला मात्र तो गोल तिथल्या तिथे पकडतो. धारावीतील ‘डोपॅडेलिक्स’सारख्या गटांत हिंदी, मराठी आणि तमिळ एकत्र नांदतात, आणि ‘स्वदेशी’ या गटात मराठी, हिंदी, गुजराती रॅप करणारे एका मंचावर येतात. २०१९ मध्ये ‘स्वदेशी’ने आरेच्या जंगलातील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह केलेले ‘द वारली रिव्होल्ट’ हे या चळवळीतील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणावे लागेल, कारण त्यात आदिवासी गायकाचा आवाज केवळ सजावटीसाठी वापरलेला नाही, तर गाण्याचा युक्तिवादच त्या आवाजावर उभा आहे.

येथे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेही मित्र होते, त्यांचीही भाषा गिरणगावच्या चाळींची आणि झोपडपट्टीची होती; मात्र त्यांच्या पाठीशी पक्ष होता, कामगार संघटना होती, सभा होत्या आणि गाण्याची वाट पाहणारा संघटित श्रोता होता. आजच्या रॅपगटामागे असे काहीच नाही. त्यामुळे फेब्रुवारी २०१९ मध्ये झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ आला आणि बाजाराने या मुलांकडे पाहिले, तेव्हा करार झाले ते बहुतांशी एकेकट्यांशी, गटांशी क्वचितच. काहींचे भले झाले, हे आनंदाचेच आहे. पण गोलात एकमेकांना शब्द पुरवणाऱ्यांपैकी कोणाचा शब्द किती, याचा कागद कोणीच केलेला नव्हता, आणि ही मैत्रीची पहिली मर्यादा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरील हक्क बळकट झाला आहे, तरी मित्राकडे लेखी हिस्सा मागणे अवघड वाटते, म्हणून हा कायदा ज्यांच्यासाठी सर्वांत उपयोगाचा तेच त्यापासून दूर राहतात. मार्च २०२२ मध्ये ‘स्वदेशी’चा गुजराती रॅपर धर्मेश परमार, म्हणजेच ‘एमसी तोडफोड’, वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला, तेव्हा शोक करायला शहरभरचे वादक एकत्र आले. कलावंताच्या आजारपणाची किंवा कुटुंबाची जबाबदारी घेणारी एखादी यंत्रणा मात्र या क्षेत्रात आजही नाही.

मैत्रीची दुसरी मर्यादा म्हणजे तिचे कुंपण. कार्यक्रम ओळखीने मिळतात, आणि ओळखी होतात रात्री उशिरा, कार्यक्रम संपल्यावर. शेवटची लोकल गाठण्यासाठी ज्याला साडेअकराला निघावे लागते तो या गप्पांत नसतो, आणि मुली तर त्याहूनही कमी असतात. कल्याणला वाढलेली दीपा उन्नीकृष्णन, म्हणजे ‘डी एमसी’, रॅपमध्ये ठामपणे उभी राहिली, इलेक्ट्रॉनिक संगीतात ‘सँड्यून्स’ या नावाने सनाया अर्देशीर यांनी मोठे काम केले. पण ही नावे चटकन मोजून संपतात, यातच स्थितीचे मोजमाप आहे. तिसरी मर्यादा समीक्षेची. ज्याने अल्बम केला तो, त्याचे चित्र काढणारा, कार्यक्रम ठरवणारा आणि त्यावर लिहिणारा हे सगळे एकाच कट्ट्यावरचे असल्याने कौतुक भरपूर होते, चिकित्सा होत नाही. आणि मराठी समीक्षेने, मराठीतूनच होणाऱ्या रॅपच्या छंदाची, यमकांची व बोलीची दखल घेणे अजून पुरते आरंभलेलेही नाही.

प्रायोगिक मराठी नाटकालाही सत्तरच्या दशकात पैसा नव्हता, पण दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह त्याला मिळाले, आणि ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या आधाराने तेथे वर्षानुवर्षे कमी भाड्यात, मद्याच्या बिलाशिवाय, चुका करायची मोकळीक मिळाली. स्वतंत्र संगीताला असे छबिलदास आजवर लाभलेले नाही. विलेपार्ल्याचे दीनानाथ, मुलुंडचे कालिदास आणि बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे ही नाट्यगृहे महापालिकेची आहेत, तेथे नाटकांसाठी तारखांच्या वाटपाची जुनी पद्धत आहे, आणि ध्वनिरोधनाची सोय करून महिन्यातील दोन-तीन संध्याकाळी बँड आणि रॅपगटांसाठी राखून ठेवणे प्रशासनाला अशक्य नाही. त्यासाठी कलावंतांनी आपापल्या कट्ट्यांबाहेर येऊन, रॉकवाल्यांनी रॅपवाल्यांसह आणि वांद्र्याने धारावीसह, नोंदणीकृत संस्था करून ही मागणी लेखी करायला हवी.