वीण आणि वजन: फिरत्या खुराड्याचे रसग्रहण

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कुडाच्या घरांपुढे बांबूच्या कांबींचे डालगे पालथे घातलेले दिसते. आत कोंबडी आणि तिची पिल्ले. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ या म्हणीतले झाकणे अशाच डालग्याचे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र जगभर नेले, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या रेषेकडे थांबून पाहायला आपण शिकलो. तितकेच थांबून या डालग्याकडेही पाहावे, इतके त्यात पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट आकार. डालगे गोल असते, त्याला कोपरा नसतो. घार डोक्यावरून गेली की पिल्ले घाबरून एका जागी दाटतात. चौकोनी खोक्यात ती कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. गोलात पळणारे पिल्लू कडेकडेने पुढे सरकत राहते. दुसरी गोष्ट वीण. दोन कांबींमधली फट पिल्लाच्या अंगापेक्षा लहान ठेवलेली असते, तरी वारा खेळतो आणि उन्हाचे कवडसे आत उतरतात. तिसरी गोष्ट तळ, म्हणजे तळ नसणे. खाली उघडी जमीन असल्यामुळे कोंबडीला उकरता येते. वाळवी, किडे, गवताचे कोंब मिळतात. जागा घाण झाली की घरातले लहान मूलही डालगे उचलून हातभर पलीकडे ठेवते. ते हलके आहे म्हणून हलते, आणि हलके आहे म्हणूनच कुत्र्याने उलथू नये यासाठी वर एक दगड ठेवावा लागतो. या वस्तूचे सगळे सौंदर्य अशा ओढाताणीत आहे: उघडे हवे आणि बंदही हवे, हलके हवे आणि घट्टही हवे.

डालग्याला आपली मर्यादा मात्र ठाऊक आहे. ते दिवसाचे आणि घरापुरत्या कोंबड्यांचे. रात्री रानमांजर येते, उदमांजर येते, घूस खालून उकरते. जंगलाला लागून असलेल्या पाड्यांवर बिबट्याचीही धास्ती असते. म्हणून दिवेलागणीला कोंबड्या घरात घेतात. पण विकण्यासाठी मांसाचे पन्नास-पाऊणशे पक्षी वाढवायचे, तर ते घरात मावणार नाहीत. मग डालग्यालाच वाढावे लागते. त्याचे वाढलेले रूप म्हणजे फिरते खुराडे.

या रूपाचा प्रसिद्ध नमुना अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जोएल सॅलॅटिन यांच्या शेतावर घडला: 10 फूट रुंद, 12 फूट लांब, जेमतेम 2 फूट उंच, आत सुमारे 75 पक्षी. रोज सकाळी ते एक खुराडाभर पुढे ओढायचे. पक्षी आतल्या आत चालत नव्या गवतावर येतात आणि कालची विष्ठा खत म्हणून मागे राहते. यातली सर्वांत विचारपूर्वक योजना उंचीची आहे. बसके असल्यामुळे वारा त्याला उलथत नाही आणि लाकूडही कमी लागते. डालग्याचा उघडा तळ इथे तसाच टिकला आहे, फक्त हातभर सरकण्याची आता रोजची शिस्त झाली आहे.

शिकारी प्राण्यांचा विचार जाळीत दिसतो. बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. तिची तार बारीक असते, दाताने तुटते, आणि भोकातून पंजा आत येतो. निदान चारही बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी हवी. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीच्या पायाशी उकरायला लागतो. म्हणून तिथे फूटभर रुंदीची जाळीची झालर बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून खुंट्यांनी दाबायची. त्याच्या नखांना माती लागतच नाही. सकाळी खुंट्या काढा, झालर दुमडा, खुराडे ओढा. खळगा आला की कडेखाली फट पडते. ती दगडाने किंवा फळीने बुजवली नाही, तर बाकीची सारी कारागिरी वाया जाते.

ही रचना या मातीत शोभेल का? डहाणूच्या चिकूच्या वाड्या पाहा. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाडीत दोन झाडांत साधारण दहा मीटरचे अंतर असते. दहा फुटी खुराडे त्या ओळींतून सहज फिरते आणि दोन फुटी उंचीमुळे खाली झुकलेल्या फांद्यांतूनही जाते. पक्ष्यांना सावली मिळते, झाडांना खत. पावसाळ्यात भातखाचरांजवळ पाणी साचते, तेव्हा खुराडे उताराच्या वरकस जमिनीवर न्यावे. 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जपल्या जाणाऱ्या या तालुक्यात जमिनीत पाया न रोवणारी बांधणी मला विशेष मोलाची वाटते.

एकच प्रश्न उरतो, सांगाड्याचा. तो लोखंडी केला, तर महाग, जड आणि खाऱ्या हवेत गंजणारा. बांबू इथलाच, आणि त्याला वाकवणारे हातही इथलेच. सांगाडा बांबूचा, बाजूंची जाळी लोखंडाची, असा मेळ या भागाला सर्वांत योग्य ठरेल. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि इथल्या बचत गटांनी असे खुराडे बांधताना आराखड्याच्या वेळीच पाड्यावरच्या डालगी विणणाऱ्यांना सोबत घ्यावे आणि त्यांच्या कामाचे पूर्ण दाम द्यावे.