काडतुसांच्या नावांतील आकडे : एक अर्थविचार

अमेरिकेतील जुन्या रायफलींच्या काडतुसांची नावे बहुधा आकड्यांतच सांगितली जातात. '४५-७०-४०५' हे त्यांतील विशेष प्रसिद्ध नाव. १८७३ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे हे काडतूस. नळीचा व्यास .४५ इंच, काळी दारू ७० ग्रेन, शिशाची गोळी ४०५ ग्रेन, असा त्याचा अन्वय. नावात एकही परिमाण उच्चारलेले नाही. ते वाचणाऱ्याने पुरवावयाचे असते. पहिला आकडा व्यासाचा व दुसरा दारूचा, हा अन्वय पुष्कळदा सरसकट नियम म्हणून सांगितला जातो. तसा तो टिकत नाही.

विंचेस्टरच्या १८९५ मधील '३०-३०' ची रचना तीच. परंतु दुसरे ३० निर्धूम दारूचे. '३०-०६' मधील ०६ चा तर दारूशी संबंधच नाही. ते १९०६ हे साल होय. '३८-४०' मध्ये पहिलाच आकडा फसवा आहे, कारण तिची गोळी प्रत्यक्षात .४० इंच व्यासाची असते. ब्रिटिश मार्टिनी-हेन्रीच्या '५७७/४५०' मध्ये दोन्ही आकडे व्यासाचेच; मोठी पुंगळी तोंडाशी आवळली आहे, एवढेच ते सांगतात. आतल्या ८५ ग्रेन दारूचा नावात मागमूसही नाही.

खुद्द '४५-७०' कडे पाहिले तरी हेच दिसते. घोडदळाच्या आखूड कार्बाइनसाठी त्याच पुंगळीत ५५ ग्रेन दारू भरीत. म्हणजे ७० हा त्या वस्तूचा गुणधर्म नव्हे, तिच्या एका वापराची नोंद होती. पुढे निर्धूम दारू आली, वापर पालटला, आणि आकडा मात्र अश्मीभूत होऊन राहिला. मराठीला हे अपरिचित नाही. पोर्तुगीजांकडून आलेल्या 'काडतूस' या शब्दाच्या मुळाशी कागद आहे. १८५७ साली शिपायांपुढे आलेले एन्फील्डचे काडतूस कागदाचेच होते. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पितळी पुंगळी उभी राहते, आणि ती दातांनी फाडावी कशी, हे त्याला उमगत नाही.

मराठीतील गैरसमजाने फार तर एक वाक्य दुर्बोध होते. रिकामी पुंगळी घरी पुन्हा भरणाऱ्याची गोष्ट निराळी. काळी दारू गोळीच्या बुडापर्यंत भरावी लागते. मध्ये पोकळी चालत नाही. निर्धूम दारू वजनास वजन पुष्कळच जोरकस. मराठीत दोहोंना 'दारू' हाच शब्द, ही अडचण अधिकच. नावातील ७० हा आदेश समजून कोणी जलद जळणारी निर्धूम दारू त्या मापाने भरील, तर जुनी स्प्रिंगफील्ड हातातच फुटावयाची. काळी दारू वापरणाऱ्यालाही नाव पुरतेपणी साथ देत नाही. आजच्या पुंगळ्यांचे बूड जाड असल्याने ७० ग्रेन दारू त्यांत बहुधा दाबूनच बसवावी लागते.